डोक्यावर मिरवलेली टोचणी

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत, तिचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास येतात. एक तो 'पाव नाही तर केक खा'वाला केक (तसं ती म्हणाल्याचा काहीही पुरावा नाही, पण असो) आणि दुसरं, डोक्यावर अख्खं जहाज घेतलेल्या बाईचं चित्र. १७७८ साली 'बेल पूल' या फ्रेंच युद्धनौकेने इंग्रजांशी झुंज दिली, त्या कौतुकाची ती केशरचना. चित्र फिरतं, आपण हसतो, 'काय बायका होत्या!' म्हणतो.

मला ते हसणं खटकतं.

व्याप प्रचंड होता, मान्य. आत तारा आणि घोड्याच्या केसांची उशी, त्यावर चढवलेले आपले केस, कमी पडले तर गंगावन, मग चरबीचं पोमेड आणि वर पिठूळ पावडर. एवढा डोलारा रोज कोण सोडणार? दिवसेंदिवस तसाच. खाज सुटली की आत घालायला लांब काडी. बग्गीत म्हणे गुडघ्यांवर बसावं लागे. त्यात १७७५ मध्ये पावासाठी दंगली झाल्या, तेव्हा डोक्यावरची ती पावडर लोकांना खुपली असेल तर नवल नाही.

पण १७७४ बघा. मे महिन्यात पंधरावा लुई देवीने गेला. जूनमध्ये नव्या राजाने, म्हणजे मारीच्या नवऱ्याने, देवी टोचून घेतल्या. ही जेन्नरच्या लशीच्या आधीची टोचणी, खऱ्या देवीच्या फोडातला स्राव टोचायची, त्यामुळे लोक घाबरत. तेव्हा पॅरिसमध्ये 'टोचणीचा पूफ' (पूफ म्हणजे हीच उंच केशरचना) निघाला : धन्वंतरीसारख्या एस्क्युलापियस देवाचा साप, सोटा, उगवता सूर्य, ऑलिव्हचं झाड. आपण प्रोफाइल फोटोला 'मी लस घेतली'ची फ्रेम लावली होती ना? तेच. फक्त यांच्या फ्रेमला मान धरून बसावं लागायचं. वर्तमानपत्रात ज्यांना क्वचितच लिहायला मिळे, त्या बायका बातमी डोक्यावर घेऊन फिरत होत्या. याला निव्वळ नखरा म्हणणं मला जमत नाही.

गंमत म्हणजे राणीच्या आईने, मारिया तेरेसाने, स्वतः देवीतून उठल्यावर १७६८ मध्ये आपल्या मुलांना टोचून घेतलं होतं. तीच आई मार्च १७७५ मध्ये लेकीला पत्रातून झापते : केस मुळापासून ३६ इंच उंच, वर पिसं नि रिबिनी, हे काय चाललंय! आई ती आईच.

लेकीने तेव्हा ऐकलं नाही. शेवटी बाळंतपणाने ऐकायला लावलं. केस इतके गळले की केशभूषाकार लेओनारला ते कापावे लागले. 'लहान मुलासारखे' आखूड केस. झालं, दरबारातल्या बायकांनीही आपापले धडधाकट केस कापून घेतले.