रामभाऊ नाईकांचा हिशेब

राम नाईक म्हटलं की आजच्या बऱ्याच पोरांना एकच गोष्ट आठवते: 2004 साली गोविंदाने पाडलं ते. उत्तर मुंबईतून सलग पाच वेळा निवडून आलेला, केंद्रात पेट्रोलियम मंत्री असलेला माणूस एका नटाकडून 48 हजारांच्या फरकाने हरला. आमच्या पश्चिम उपनगरांत अजून हा किस्सा हसत हसत सांगतात. मला त्यात कधी फारसं हसू आलं नाही.

आधीच सांगतो, मी त्यांच्या पक्षाचा मतदार नाही. संघाच्या विचारांशी माझं जमलं नाही आणि या वयात जमेल असंही वाटत नाही. तेव्हा कमेंटमध्ये 'भक्त' म्हणायची घाई नको.

आटपाडीत वाढलेला हा मुलगा पुण्यात बीकॉम झाला आणि मुंबईत अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटला. पुढे खासगी कंपनीत चांगल्या हुद्द्यावर पोचला. 1969 मध्ये ती नोकरी सोडून जनसंघाचं, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षाचं, पूर्णवेळ काम धरलं. त्याच्याही आधी, 1964 मध्ये, गोरेगाव प्रवासी संघ काढला होता. लोकल वेळेवर यावी, फलाटावर पाणी असावं, असल्या मागण्या. आजच्या नेत्यांना हे किरकोळ वाटेल, पण आमच्याकडे माणूस दिवसाचे तीन तास गाडीत असतो. त्याचं राजकारण तिथेच सुरू होतं. पुढे ते रेल्वे राज्यमंत्री असताना, 1999 मध्ये, मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झालं.

मला या माणसात रस वाटला तो त्यांच्या वार्षिक अहवालांमुळे. बोरिवलीचे आमदार झाल्यापासून ते दरवर्षी कामाचा अहवाल छापायचे. सभागृहात काय विचारलं, मतदारसंघात काय केलं, सगळं. जनसंघाच्या रामभाऊ म्हाळगींनी पाडलेली ही पद्धत, नाईकांनी ती खासदार, मंत्री आणि पुढे राज्यपाल असतानाही चालवली. कमाल म्हणजे हरल्यावरही अहवाल निघतच राहिले. निवडून न आलेल्या माणसाकडे कोण हिशेब मागतं? पण हाडाच्या हिशेबनिसाला वर्ष संपलं की वही बंद करावीच लागते.

आता पेट्रोलियम खातं. ज्यांनी गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, खासदाराच्या कोट्यातलं कूपन मिळावं म्हणून कुणाकुणाच्या ओळखी काढल्या, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. नाईक मंत्री झाले तेव्हा प्रतीक्षायादी 1 कोटी 10 लाखांची होती. ती त्यांच्या काळात संपली. घरात सिलिंडर येणं हा तेव्हा पेढे वाटायचा प्रसंग असे, हे आज मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

याच खात्यात त्यांच्या नावाला डागही लागला. 2002 मध्ये पेट्रोलपंप आणि गॅस एजन्सींचं वाटप पक्षाच्या माणसांना आणि त्यांच्या नातलगांना झाल्याच्या बातम्या आल्या. वाजपेयींनी एका फटक्यात जानेवारी 2000 पासूनची सगळी वाटपं रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती सरसकट रद्दबातल कारवाई उडवली, पण चारशेच्या आसपास वादग्रस्त प्रकरणं तपासायला समिती नेमली. निवड मंडळांवर निवृत्त न्यायाधीश होते, मंत्री नव्हे, हा नाईकांचा बचाव कागदावर खरा होता. तरी खातं त्यांचं होतं. ज्याला पै-पैचा हिशेब कळतो त्याला आपल्या नाकाखाली काय चाललंय ते कळू नये, हे मला आजही पटत नाही.

आणि त्याच वर्षी त्याच माणसाने एक अशी गोष्ट केली की मी टोपी काढली. भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम विकायचा घाट अरुण शौरींच्या निर्गुंतवणूक खात्याने घातला होता. विरोधक ओरडत होतेच, पण मंत्रिमंडळात बसून 'नको' म्हणणाऱ्यांत नाईक होते, जॉर्ज फर्नांडिस होते. सप्टेंबर 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संसदेने कायदा करून ताब्यात घेतलेल्या कंपन्या संसदेला विचारल्याशिवाय विकता येणार नाहीत. उजवा म्हणजे सगळं विकायला निघालेला, हे समीकरण तिथे चुकतं. जुना जनसंघीय मध्यमवर्गीय सरकारी तेल कंपनीला घरची मालमत्ता समजायचा. त्यांच्यानंतरच्या पिढीत ही भावना मला दिसत नाही.

हरल्यावर बरेच जण घरी बसतात. हे तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पामुळे उठलेल्या पोफरण आणि अक्करपट्टीच्या गावकऱ्यांसाठी उच्च न्यायालयात स्वतः उभे राहून भांडले. 2009 मध्ये पुन्हा लढले, संजय निरुपमांकडून थोडक्यात हरले. 2013 मध्ये आता निवडणूक नाही म्हणाले. पुढच्याच वर्षी त्याच जागेवर त्यांच्याच पक्षाचे गोपाळ शेट्टी चार लाखांहून जास्त मतांनी आले! एखाद्याला कडवट व्हायला एवढं पुरे. कडवटपणा असलाच तर तो दिसला नाही. 1994 मध्ये कॅन्सर पचवून कामाला लागलेला माणूस, त्याची मुळं वेगळीच असणार.

उत्तर प्रदेशचे राज्यपाल म्हणून लखनौच्या राजभवनातली पाच वर्षं मात्र मला खटकली. अखिलेश यादवांचं सरकार असेपर्यंत फायली परत, नावं अडवलेली, लोकायुक्तावरून पत्रापत्री. लोकायुक्तांच्या वादात अखेर सर्वोच्च न्यायालयाला नेमणूक करावी लागली, त्यात चूक एकट्या राज्यपालांची नव्हतीच. पण सरकार बदलल्यावर राजभवनाची लेखणी बरीच मवाळ झाली, ही गोष्ट नजरेतून सुटत नाही. राज्यपालांचा अहवाल दरवर्षी आला, जाडजूड आला. लोकांनी निवडलेल्या सरकारला किती अडवावं, याचा रकाना त्यात नव्हता.

2024 मध्ये पद्मभूषण मिळालं, तेव्हा इथे अभिनंदनाच्या पोस्टींचा पूर आला. त्यातल्या कितींनी एक तरी अहवाल उघडून पाहिला असेल, देव जाणे.

कुणा जुन्या बोरिवलीकराकडे 1978 ते 89 मधले, आमदारकीच्या काळातले अहवाल असतील तर मेसेज करा. झेरॉक्स काढून परत देईन. उपनगरातल्या पाण्याबद्दल त्यांनी तेव्हा विधानसभेत काय विचारलं होतं, ते मला बघायचंय.