सर, बरोबर आहे का?

दहावीच्या वर्गात मला दिवसातून सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हा. उदाहरण सुटलेलं असतं, उत्तराखाली दोन रेघा मारलेल्या असतात, तरी पोरगं वही घेऊन टेबलापाशी येतं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत उभं राहतं. माझी भुवई जरा हलली की लगेच "थांबा सर, चुकलं" आणि खोडरबर बाहेर!

भांडुपच्या एका मराठी शाळेत गणित शिकवतो. दोन वर्षांपासून या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" म्हणणं सोडलंय. "तुला काय वाटतं? कशावरून?" एवढंच विचारतो. पोरं आधी जाम वैतागली. एका आईने तर डायरीत लिहून पाठवलं, 'सर शंका सोडवत नाहीत.'

परवा पायथागोरस चालू होता. एकाने फळ्यावर बाजू 3 आणि 4 घेतल्या आणि कर्ण काढला 7. वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेताना पठ्ठ्याने वर्ग आणि मूळ परस्पर 'कापून' टाकले होते. ही कापाकापी दरवर्षी सर्दीसारखी वर्गभर पसरते. पूर्वी मी काट मारून शेजारी 5 लिहिला असता आणि पुढे गेलो असतो. या वेळी 7 तसाच ठेवला. म्हटलं, कोणाला काही खटकतंय का?

बराच वेळ शांतता. मग वर्षभर स्वतःहून तोंड न उघडलेली मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, मग मैदानातून तिरकं कशाला जायचं?"

वर्ग हसला. खरं सांगतो, मलाही क्षणभर कळलं नाही. ती उठून बोलायला लागली. मैदानाच्या दोन कडांनी चाललं तर 3 आणि 4 मिळून 7. तिरकं गेल्यावरही 7च भरत असतील, तर उशीर झाला की आपण सगळे तिरके का पळतो? कर्ण 7पेक्षा कमीच यायला हवा.

सूत्र नाही, कृती नाही, आणि चूक पकडली! हा युक्तिवाद मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. मी नुसतं शाब्बास म्हणून तिला जे कधी मिळालं नसतं, ते त्या 7ने दिलं.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा 6174 मी दरवर्षी वर्गात आणतो. चार अंक घ्या (चारही सारखे नकोत), उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा, की 6174 हजर. यंदा एकाने मुद्दाम 1000 घेतला. 999 आले, पुढे शून्य. "सर, कापरेकर चुकले!" दहा मिनिटं भांडण. शेवटी पोरांनीच शोधलं की 999 न लिहिता 0999 लिहायला हवं, मग गाडी 6174वर येते. बिनकामाच्या वाटणाऱ्या शून्याचा एवढा मान मी कधी पाहिला नव्हता.

आता पालकांचा प्रश्न: याने मार्क वाढतात का? बोर्डाचे भाग 1चे 40, भाग 2चे 40, अंतर्गत 20. त्यात तिरकं पळण्याला मार्क नाहीत. पाठ केलेल्या कृतींवर पेपर निघतो, हे मी नाकारत नाही. परीक्षेआधी पंधरा दिवस मीही तीच घोकंपट्टी करून घेतो, लाज न बाळगता. पण वर्षभर तेच करायला माझा ठाम विरोध आहे.

डायरीवाल्या आई सभेला आल्या होत्या. दादरला '20 टक्के अधिक 20 टक्के सूट' अशी पाटी होती आणि मुलाने दुकानदाराला सुनावलं, काका, हे 40 नाही, 36 होतात. त्यांनी मला विचारलं, हा बरोबर बोलला का? मी मुलाकडे बघितलं. त्याने त्याच डायरीच्या मागच्या पानावर 1000, 800, 640 असं लिहून दाखवलं.

तर, पावसाच्या सुट्ट्या आणि असली भांडणं मिळून त्रिकोणमिती अजून सुरूच व्हायची आहे. शनिवारी जादा तास ठेवलाय. वर्गातल्या पालकांनी डब्यात दोन चपात्या जास्त द्याव्यात.