टर्बो पास्कलचा जुना कोड ‘तसाच चालतो’? थांबा जरा

“पास्कल म्हणजे पास्कल. टर्बोतला जुना कोड फ्री पास्कलमध्ये टाका, कंपाइल करा, झालं!” हा सल्ला हमखास फिरत असतो. (टर्बो पास्कल हा डॉसच्या काळातला पास्कल भाषेचा कंपायलर, फ्री पास्कल हा आजचा.) आकडेमोड, सॉर्टिंग आणि स्क्रीनवर चार ओळी एवढंच असेल, तर खराही आहे. त्यापुढे लोक जे म्हणतात, ते मात्र पटत नाही.

“भाषा एकच आहे ना!” कागदावर. आयएसओ ७१८५ हे पास्कल भाषेचं प्रमाण १९८३ सालचं, टर्बो पास्कलही त्याच वर्षी आलं, आणि त्याने ते कधीच पूर्ण पाळलं नाही. प्रमाणातल्या गेट आणि पुट या फाइल वाचण्या-लिहिण्याच्या प्रोसीजर टर्बोत नाहीतच.

“कंपाइल झालं म्हणजे बरोबर.” खरा घोळ इथेच होतो. समजा, एका रेकॉर्डमध्ये (म्हणजे एका नोंदीच्या साच्यात) क्रमांक इंटिजर म्हणजे पूर्णांक आहे आणि रक्कम रिअल म्हणजे दशांश संख्या. टर्बोत इंटिजर २ बाइटचा, रिअल ६ बाइटचा, म्हणजे नोंद ८ बाइटची. अशा १०० नोंदींची फाइल ८०० बाइटची झाली. आजच्या पीसीवर फ्री पास्कलमध्ये रिअल ८ बाइटचा असतो. रेकॉर्ड पॅक्ड केलं, म्हणजे मधे रिकामे बाइट ठेवले नाहीत, तरी नोंद १० बाइटची होते आणि त्याच फाइलमध्ये ८० नोंदी दिसतात. एरर नाही, वॉर्निंग नाही. पहिल्या नोंदीचा क्रमांकही बरोबर येतो, म्हणून बघणारा निर्धास्त. दुसरीचा क्रमांक मात्र जुन्या रकमेच्या बाइटांतून उचललेला असतो!

“मग टीपी मोड लावा.” म्हणजे फ्री पास्कलला टर्बोसारखं वागायला लावणारी सेटिंग. लावा की. इंटिजर १६ बिटांचा राहील, स्ट्रिंग २५५ अक्षरांची राहील. (डेल्फी या दुसऱ्या पास्कल कंपायलरसारखं वागणाऱ्या डेल्फी मोडमध्ये इंटिजर ३२ बिटांचा, त्यामुळे ३२७६७ च्या पुढे उलटून ऋण होण्यावर बेतलेला हिशेब चुकतो.) पण ६ बाइटचा रिअल या मोडमध्येही परत येत नाही. त्यासाठी जुने सहा बाइट रिअल४८ या प्रकारात वाचायचे आणि रिअल२डबल या फंक्शनने बदलून घ्यायचे. थेट व्हिडिओ मेमरीत लिहिणारा कोड विंडोज किंवा लिनक्सवर नव्यानेच लिहावा लागतो.

“त्यापेक्षा जुनी एक्झीच (टर्बोत तयार झालेली प्रोग्राम फाइल) चालवा.” टर्बो ७ चं सीआरटी हे स्क्रीन-कीबोर्ड सांभाळणारं युनिट सुरू होताना भागाकार करून प्रोसेसरचा वेग मोजतं. वेगवान यंत्रावर तो भागाकार १६ बिटांत मावत नाही आणि प्रोग्राम पहिल्या ओळीआधीच ‘रनटाइम एरर २००’ देऊन बसतो. या एररचं नाव ‘शून्याने भागाकार’ असं आहे. आपल्या कोडात ते शून्य शोधत बसू नका.

जुना कोड हलवताना आधी प्रत्येक रेकॉर्डचा साइझऑफ (बाइटमधला आकार) दोन्ही कंपायलरांत छापून बघा. आकडे जुळेपर्यंत मूळ डेटा फाइल उघडूच नका, तिची प्रत वापरा.