शेळी छान आलीय

काल रात्री साडेदहाला फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. चार रात्री त्या फोटोवर बसलो होतो, डोळे चुरचुरायला लागलेले, आणि पहिला मेसेज निपाणीच्या आत्याचा. "शेळी छान आलीय. कुणाची?" त्याखाली लगेच काकांचा अंगठा. म्हणजे शेळीवर शिक्कामोर्तब.

आत्याशी भांडणार कोण. खरं सांगून ठेवतो, चिंकारा होता तो. नर. शिंगांवर वळ्या, डोळ्यापासून नाकपुडीकडं उतरणारा काळसर पट्टा, सगळं होतं. खांद्यापर्यंत दोन फूट, वजन तेवीस किलोच्या आसपास, आमच्या गल्लीतल्या मटणवाल्याचं बोकड त्याच्यापेक्षा जास्त भरेल हे मला मान्य. आणि चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, चिंकाऱ्याची जन्मभर राहतात, म्हणजे कुळ काढायला गेलं तर तो त्यांच्यापेक्षा शेळीलाच जवळचा. हे आत्याला कळू द्यायचं नाही.

तर जानेवारी, पहाटे तीनला बेळगाव सोडलं, यरगट्टी, लोकापूर करत उजाडायला बागलकोट जिल्ह्यातल्या बिळगी तालुक्यात. तिथं यडहळ्ळीचं चिंकारा अभयारण्य आहे, २०१६ ला जाहीर झालेलं, शंभर चौरस किलोमीटरला थोडं कमी. माझ्याकडं आत जायची परवानगी नव्हती, म्हणून बाहेरच एका पाणंदीला लागून हरभऱ्याच्या बांधावर पालथा पडलो. हद्दीचा बोर्ड चिंकाऱ्याला वाचता येत नाही, हरभऱ्याला तो बाहेर येतोच.

आला. शंभर मीटरवर, मान खाली घालून चरायला लागला. आता मान खाली घातलेल्या हरणाचा फोटो म्हणजे पाठीचा फोटो. मान वर पाहिजे, दोन्ही कान पुढं, एक पाय अर्धवट उचललेला, तर त्यात जीव. काहीजण त्यासाठी शीळ घालतात, खडे मारतात, त्यांच्याविषयी इथं लिहिलं तर शिव्या येतील. मी वाट बघतो. छातीखाली ढेकूळ, कोपर बधिर, नाकात दव, आणि वाट बघतो.

"यारप्पा?"

पाठीमागनं, कानडीत, कोण रे म्हणून. मी मान न वळवता "फोटो, फोटो" म्हणून पुटपुटलो, तशी गाडी मराठीवर आली. "मग जित्ता हाईस म्हण की."

हळूच बघितलं. सत्तरीचा म्हातारा, डोक्याला रुमाल, हातात दोर आणि दोराच्या टोकाला मुधोळ जातीचं कुत्रं. नुसती हाडं, कमरेत मावळलेलं, पाय काटक्यासारखे. आणि त्याच्या अंगात मरून रंगाचा शाळेचा स्वेटर. बाह्या दुमडलेल्या, खिशावर शाळेचा बिल्ला.

"नातवाचा हाय," म्हातारा म्हणाला. "ह्याला थंडी सोसत न्हाई. कातडं पातळ. ह्याचा फोटो पोस्टाच्या तिकिटावर आलाय, म्हाईत हाय का?"

याचा नव्हे, याच्या जातीचा, २००५ साली. खरं मी बोललो नाही. चिंकारा अजून चरत होता.

"सर्व्हेला आलाईस न्हवं?"

"नाही हो काका. हळू बोला."

"लाजतोस कशाला, सांग की. ही दुर्बीण बघितल्याली हाय मी. मागं असलीच घेऊन आलते."

माझी सहाशे एमएमची लेन्स. तिचे हप्ते अजून चालू आहेत. "काका, मी चिगरी बघायला आलोय." हरणाला इकडं चिगरी म्हणतात.

"चिगरी हुबळीला. एसी हाय."

हुबळी-धारवाडच्या बीआरटीएस बसला चिगरी नाव दिलंय ते माझ्या डोक्यात यायला अर्धा मिनिट गेला. तोवर म्हातारा शेजारी उकिडवा बसलेला, तंबाखू मळायलेला. आलमट्टी धरणाची पातळी वाढवायची, काठाकाठाच्या जमिनी जाणार, हे इकडं माणसं वर्षानुवर्षं ऐकायलेत. आणि म्हाताऱ्याला आकडे पाठ. "५१९.६ वरनं ५२४.२५६ मीटर," तो म्हणाला, दशांशाच्या तिन्ही घरांसकट. बँकेतला माझा स्वतःचा खाते नंबर मला असा येत नाही. "मग एकराला किती धरलाय?"

"मी धरणारा नव्हे हो."

"बरं, ऱ्हाऊ दे, वरनं सांगू नको म्हटलं असंल. खरं ती लिंबाची चार झाडं फोटोत धर. झाडाचं येगळं मिळतंय. मागल्यानं दोनच धरली."

तेवढ्यात पाणंदीनं उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रेलर, गाणं असं की बांध हादरावा. मी म्हटलं संपलं. चिंकाऱ्यानं एक कानसुद्धा हलवला नाही. रोजचंच असणार त्याला. ट्रॅक्टर गेला, म्हातारा पुढं चालू.

"आनि तुझी चिगरी माझा हरभरा खाती, ते कुठल्या खात्यात मांडायचं?"

आता ती माझी कधी झाली? खरं इथं माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी तासाभरासाठी येतो, फोटो काढतो, वर "निसर्ग वाचवा" लिहितो. राखण बसतो तो म्हातारा, आणि पीक खाल्लं म्हणून भरपाई मागायला गेलं की कागद, पंचनामा, उद्या या. मला राग आला, कुणाचा ते कळलं नाही, म्हणून म्हाताऱ्यावरच काढला. म्हटलं, अशा ठिकाणी कुत्रं आणायचं नसतंय काका, चिंकारा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमधला प्राणी आहे, केस होईल.

"दोर हाय की," म्हातारा म्हणाला.

आणि तेव्हाच दोर ताणला. मुधोळ कुत्रं वासावर नव्हे, नजरेवर चालतं. हे बेणं भुंकलं नाही, काही नाही, नुसतं स्वेटरातल्या स्वेटरात ताठ झालं. शंभर मीटरवर चिंकाऱ्याची मान वर. कान पुढं. काळी शेपटी फडफडली, पुढचा पाय दोनदा आपटला. मी बटण दाबूनच धरलं, १/१६०० सेकंदावर अकरा फ्रेम. मग चिंकाऱ्यानं नाकातनं शिंकल्यासारखा आवाज केला आणि बारावीत नुसता हरभरा.

"सापडली काय झाडं?" म्हातारा म्हणाला.

काढला मग झाडांचा पण फोटो. जाताना त्यानं माझा नंबर घेतला, नातवाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर, "सर्व्हेसाहेब" म्हणून.

आता ज्यांना वाटतं फोटो कॅमेरा काढतो, त्यांनी पुढचं वाचा. ६००० बाय ४००० ची फ्रेम, त्यात हे जनावर खुरापासून खांद्यापर्यंत साडेसहाशे पिक्सेल. कापून कापून २४ मेगापिक्सेलचे चार पण उरले नाहीत. म्हाताऱ्याच्या गप्पांत ऊन वर आलेलं, काळी माती तापून हवा थरथरायला लागलेली, त्यामुळं केस न केस विरघळल्यासारखा. शार्पनिंग वाढवलं की शिंगांभोवती पांढरी कड येते, कमी केलं की जनावर गोधडीचं दिसतं. नॉइज, म्हणजे फोटोतले रंगीत दाणे, काढला तर गालावरचा पट्टा पुसट होतोय. मग तेवढाच भाग निवडून काम करायला चेहऱ्याला वेगळं मास्क, अंगाला वेगळं, मागच्या हरभऱ्याला वेगळं. डोळा तीस पिक्सेलचा, त्या तिसांवर एक अख्खी रात्र. मागं विजेचा खांब होता तो ठेवला. पुसायला येतो मला, खरं मग ते जनावर कुठलं आहे हेच खोटं होतं. आमच्यातलेच काहीजण आभाळसुद्धा दुसरीकडचं आणून चिकटवतात आणि त्यांना दोन-दोनशे लाईक.

एवढं करून शेळी.

आणि सगळे ज्याला "काय रोखून बघतंय तुझ्याकडं" म्हणतात, तर ते माझ्याकडं बघतच नव्हतं. माझ्या खांद्यावरनं पाठीमागं, स्वेटरकडं. डोळा मोठा करून बघितला तर त्यात एक मरून ठिपका दिसतो मला. बायको म्हणते नॉइज आहे.

आज सकाळी म्हाताऱ्याचा फोन. "साहेब, झाडांचा फोटो पाठवा, अर्जाला लावायचाय." नातवाच्या नंबरवर पाठवला. कापला नाही, रंग नाही, मास्क नाही, जसा होता तसा. चार लिंबं आणि पुढं कुत्रं. पाठवताना बोट घसरून फॅमिली ग्रुपवर पण गेला, डिलीट करायच्या आत आत्या हजर.

"आता कसं! हरीण स्पष्ट दिसायलंय. स्वेटर कुणी विणलाय विचार की."