थेंब घालण्यात पाच महिने गेले

१ नोव्हेंबर आला की कर्नाटकात बेळगावजवळच्या आमच्या खानापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठी भाषकांच्या काळ्या दिनाचे फोटो येतात, पाठोपाठ दुकानांच्या पाट्यांचा वाद. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, मग मराठीला जागा किती? मी मँचेस्टरला नेत्रविभागात नर्स आहे. रात्रपाळी संपवून बसमध्ये हे सगळं वाचते. माझे वडील सीमाप्रश्नासाठी तुरुंगात जाऊन आले, त्यामुळं हा वाद मला फालतू वाटत नाही. पण गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या अण्णांचा डावा डोळा गेला, तेव्हापासून भाषेचा प्रश्न मला पाटीच्या आत, दवाखान्यात दिसतो.

अण्णा बारा वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या न चुकता घेतात. डोळा लाल झाला, उजेड सोसेना, समोर जाळं आलं. एका खाजगी दवाखान्यात गेले. फॉर्म कन्नडमध्ये, अण्णांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून कंपाउंडरनं बाकावरच्या सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "जुना काही आजार?" अण्णा "नाही" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? स्टेरॉइडचे थेंब मिळाले. थेंबांनी सूज दबते, जंतू मरत नाही. पाच महिन्यांनी दुसरीकडं व्हीडीआरएल ही रक्ततपासणी झाली, तेव्हा कळलं की ही गरमी, म्हणजे सिफिलिस.

वहिनींनी मला व्हिडिओ कॉलवर विचारलं, "गरमी खालची असते ना गं? डोळ्यात कुठनं आली?"

रक्तातून आली, वहिनी. हा जंतू डोळा, कान, मेंदू कुठंही पोचतो आणि एचआयव्ही असलेल्यांत कधी कधी फार लवकर पोचतो. पहिला फोड दुखत नाही, म्हणून ध्यानातही येत नाही. कुणाच्या अंगभर खपल्या धरलेल्या जखमा होतात, कुणाला अचानक कमी ऐकू येतं. कधी रक्तात अँटीबॉडी (जंतूंविरुद्ध शरीर बनवतं ते घटक) इतक्या जास्त असतात की व्हीडीआरएल खोटीच निगेटिव्ह येते. नमुना पातळ करून पुन्हा बघावा लागतो. डोळ्यापर्यंत गेलेल्या आजाराला कमरेतलं एक इंजेक्शन पुरत नाही, १० ते १४ दिवस शिरेतून पेनिसिलिन लागतं. वेळेत दिलं तर गेलेली नजर परतलेली मी स्वतः पाहिली आहे.

इंग्लंडात सिफिलिस संपलेला नाही. २०२३ मध्ये साडेनऊ हजार नवे रुग्ण सापडले, १९४८ नंतरचे तोपर्यंतचे सर्वात जास्त. पण आमच्या विभागात डोळ्यात अशी सूज घेऊन कुणीही आलं तरी सिफिलिसची रक्ततपासणी होतेच. भाषा येत नसेल तर दार लावून फोनवर दुभाषी घेतो. गावाकडं मात्र आशाताई दारापर्यंत येतात; इथं माझ्या दारी कुणी येत नाही. ते मोठं बळ आहे आपल्याकडं.

अण्णा दर खेपेला एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, गोळ्या आणायला जातातच. तिथंच, बंद खोलीत, त्यांच्या मराठीत विचारा: नजर धूसर होते का, कानात आवाज येतो का? वर्षातून एकदा व्हीडीआरएल करा. आणि एचआयव्हीच्या २०१७ च्या कायद्यानं, काही ठरावीक अपवाद सोडले तर, त्यांच्या संमतीशिवाय त्यांचा आजार कुणाला सांगता येत नाही, हेही सांगा.

हेच मी पाट्यांच्या फोटोंखाली ग्रुपवर लिहिलं. उत्तर कुणीच दिलं नाही. रात्री एकाचा फोन आला. डाव्या कानानं चार महिने कमी ऐकू येतंय म्हणाला. मी म्हटलं, उद्या सकाळीच जा, आणि गोळ्यांचं कार्ड बरोबर ने.