पाटी वाढवायची? आधी शेजाऱ्याला कळवा

13 मे 2024 ला घाटकोपरचं होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. तेव्हापासून मुंबईत चर्चा मापांची आणि स्ट्रक्चरल ऑडिटची. पण 40 बाय 40 फुटांची मर्यादा तेव्हाही होतीच, तरी 120 बाय 120 चा सांगाडा उभा राहिला. जागा रेल्वे पोलिसांची, म्हणून महापालिकेला विचारायचं कारण नाही, हा युक्तिवाद पुरेसा ठरला. नियमातून सूट कोण देतं आणि कुणासमोर देतं, हे कुणी विचारत नाही.

इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीत, हायवेलगतच्या दुकानाला ठरल्यापेक्षा उंच पाटी हवी असेल, तर टाउनच्या झोनिंग बोर्डाकडून (जमीनवापराचे नियम पाहणाऱ्या मंडळाकडून) ‘व्हेरियन्स’, म्हणजे नियमातून सूट, घ्यावी लागते. आधी झोनिंग ऑफिसरचा लेखी नकार, मग प्लॉटचा सर्व्हे आणि पाटीचं मापांसह ड्रॉइंग जोडून अर्ज. त्यानंतर 200 फुटांतल्या मालकांची यादी टाउनकडून घ्यायची आणि प्रत्येकाला सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी सर्टिफाइड पोस्टाने किंवा हातोहात नोटीस द्यायची. जाहीर नोटीसही प्रसिद्ध करायची. प्लॉट स्टेट हायवेला लागून असेल तर राज्याच्या वाहतूक खात्यालाही. नेमकं हेच अनेकजण विसरतात, आणि नोटीस चुकली की बोर्डाला सुनावणी घेण्याचा अधिकारच उरत नाही, पुन्हा पहिल्यापासून.

‘धंदा बसलाय’ ही अडचण धरत नाहीत. अडचण जमिनीची हवी: प्लॉट अरुंद, वेडावाकडा किंवा रस्त्याच्या पातळीखाली. तिथे गणित कामी येतं. ताशी 65 मैलांनी गाडी सेकंदाला 95 फूट जाते. अक्षराच्या उंचीच्या दर इंचाला 30 फूट अंतर धरलं तर 12 इंची अक्षर 360 फुटांवरून वाचता येतं, म्हणजे हातात चार सेकंदही नाहीत. मागितलेल्या उंचीवर फुगा सोडून रस्त्यावरून काढलेले फोटो वकिलाच्या भाषणापेक्षा जास्त पटतात. निर्णय कारणांसह लेखी येतो आणि शेजारी त्याविरुद्ध कोर्टात जाऊ शकतो.

हे सगळं आदर्श आहे असं मुळीच नाही. टाउनच्या इंजिनियरचं बिल अर्जदाराच्याच माथी, आणि दुकान कंपनीच्या नावावर असेल तर वकील सक्तीचा. किराणावाला मुकाट लहान पाटी लावतो, बिलबोर्डवाल्याला हा खर्च चिल्लर. मुंबईने हा भाग उचलू नये.

उचलावी ती नोटीस आणि लेखी कारणं, जागा रेल्वेची असो वा कुणाचीही. अमेरिकेच्या 1965 च्या केंद्रीय कायद्याने हायवेच्या हद्दीपासून 660 फुटांतल्या जाहिरातींवर जे राज्य लगाम ठेवणार नाही, त्याच्या हायवे निधीतून 10 टक्के कापायची तरतूद केली. असा चाप तिकडे मुंबईतही हवा. मुंबईत 200 फुटांत शेकडो फ्लॅट येतात, एवढी पत्रं कोण पाठवणार, असं कुणी म्हणेल. त्यालाही इकडे तोड आहे: कॉन्डोमिनियममध्ये, म्हणजे मालकीच्या फ्लॅटांच्या इमारतीत, घरटी पत्र न पाठवता असोसिएशनला दिलेली नोटीस चालते. तिकडे सोसायटीच्या सेक्रेटरीला एक पत्र, पोच घेऊन.