बीटी मका आणि 'कंपन्यांचे भाट' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बीटी मक्यावरच्या (अळी मारणाऱ्या प्रथिनाचं जिवाणूतलं जनुक घातलेल्या मक्यावरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोन ओळींत उडवून लावण्यासारखी नव्हती, म्हणून उत्तरही लांबलं आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो. बीटीचं प्रथिन माणसाच्या पोटात आम्लात मोडतं, हा कंपन्यांनी पढवलेला पाठ मी म्हणून दाखवला; प्रत्यक्षात मक्यात ते प्रथिन जिवाणूतल्यासारखं स्फटिकरूपात नसतं, आधीच कापून 'तयार' केलेलं असतं. फुलपाखरं मेली, ते मी गाळलं. अमेरिकेतल्या अळ्या या मक्याला सरावल्या, म्हणजे तंत्र फसलं. आणि एवढं असून कौतुक करणारा मी 'कंपन्यांचा भाट'. शेवटी तुम्ही सांगितलंय की यवतमाळकडे तुमचा कापूस आहे आणि २०१७ ची गुलाबी बोंडअळी तुम्ही स्वतःच्या शेतात पाहिली आहे.

भाट म्हणालात ते सोडून देऊ. भाटाला निदान बिदागी तरी मिळायची.

प्रथिनाचा मुद्दा तुम्ही बरोबर धरला आहे. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस (म्हणजेच बीटी) हा जिवाणू जे प्रथिन बनवतो ते स्फटिकासारखं असतं. अळीच्या आतड्यातला रस चांगलाच अल्कधर्मी, त्यात ते विरघळतं, मग तिथली विकरं (एन्झाइम) त्याचा एक भाग कापून टाकतात आणि उरलेला तुकडा काम करतो. सिबा-गायगी कंपनीच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या मायकेल कोझील यांच्या गटाने १९९३ साली जो मका जाहीर केला, त्यात हा तुकडाच घातला होता, आणि त्याचं जनुक मक्याच्या पेशीला 'वाचता' यावं म्हणून नव्याने लिहून काढलं होतं. म्हणजे विरघळणं आणि कापणं या दोन पायऱ्या आधीच उरकलेल्या. पण तिसरी पायरी उरते आणि खरी मेख तिथेच आहे. हा तुकडा अळीच्या आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना, म्हणजे त्याला पकडणाऱ्या रेणूंना, जाऊन चिकटतो, पेशीला भोकं पाडतो, अळी खाणं थांबवते आणि मरते. सस्तन प्राण्यांच्या आतड्यात हे ग्राही नाहीत. शिवाय कृत्रिम जठररसात क्राय१एबी, म्हणजे या मक्यातलं बीटी प्रथिन, झटपट तुटतं, हे तपासलेलं आहे. तेव्हा 'किडा मरतो मग माणूस का नाही' याचं उत्तर निव्वळ आम्लावर अवलंबून नाही.

आता गंमत बघा. याच जठररसाच्या चाचणीत बीटीचंच एक दुसरं प्रथिन नापास झालं होतं. क्राय९सी. ते लवकर तुटेना, म्हणून ॲलर्जीची शंका उरली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९९८ साली ते असलेल्या 'स्टारलिंक' मक्याला (उपग्रहवालं स्टारलिंक नव्हे) फक्त जनावरांच्या खाद्यासाठी आणि कारखान्यांसाठी परवानगी दिली. माणसांच्या जेवणात नाही. चाचणीने आपलं काम चोख केलं होतं. पण मका शेतातून निघाला की गावच्या मोठ्या कोठारात जातो, आणि तिथे दहा जणांचा माल एकाच ढिगात ओतला जातो. वर मका हे वाऱ्यावर परागीभवन होणारं पीक, शेजारच्या शेतातल्या तुऱ्याचा पराग बांध बघून थांबत नाही. सप्टेंबर २००० मध्ये हा मका टाको शेल्समध्ये (मक्याच्या कुरकुरीत पोळ्यांमध्ये) सापडला. तीनशेहून जास्त खाद्यपदार्थ बाजारातून परत मागवावे लागले. ज्या मक्याचा पेरा देशातल्या एकूण मक्याच्या अर्धा टक्काही नव्हता, त्याने निर्यातीपर्यंत गोंधळ घातला. ॲलर्जी झाल्याचं सांगणाऱ्या २८ जणांचा अभ्यास अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने केला. क्राय९सीमुळे ती झाल्याचा पुरावा मिळाला नाही. तरीही 'हा मका फक्त गुरांसाठी' असं कागदावर लिहून तो बाजारात सोडणं हा शुद्ध धंद्याचा निर्णय होता, आणि माझ्या मते बेजबाबदार. तुमचा राग इथे लागू पडतो. प्रयोगशाळेवर काढू नका, तिने धोक्याची घंटा वाजवली होती.

फुलपाखरांचंही तसंच. १९९९ साली कॉर्नेल विद्यापीठात मोनार्क फुलपाखराच्या सुरवंटांना बीटी मक्याचा पराग भुरभुरलेली मिल्कवीडची (त्यांच्या खाद्य-वनस्पतीची) पानं खायला दिली. चार दिवसांत ४४ टक्के सुरवंट मेले. जगभर बातमी झाली. मग शेतात जाऊन मोजमाप झालं. २००१ साली आलेल्या अभ्यासांतून दिसलं की मॉन८१० आणि बीटी११ या वाणांचा पराग शेतातल्या पानांवर जितका पडतो तितक्याने फारसं काही होत नाही. अपवाद एकाच वाणाचा, इव्हेंट १७६ चा.

हा इव्हेंट १७६ म्हणजे कोझील यांच्याच कामातून आलेला, १९९५ च्या ऑगस्टमध्ये नोंदणी मिळालेला, बाजारातला पहिला बीटी मका. त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मला तो विलक्षण वाटतो. हा मका ज्या किडीसाठी बनवला त्या युरोपीय खोडकिड्याच्या अमेरिकेच्या मकापट्ट्यात वर्षाला साधारण दोन पिढ्या होतात. पहिल्या पिढीची अळी पोंग्यातली कोवळी पानं खाते. पान उलगडलं की त्यावर छर्रे मारल्यासारखी बारीक भोकं दिसतात. दुसरी पिढी तुरा आल्यावर येते. तेव्हा पराग झडून पानाच्या बेचक्यात साचलेला असतो, पिवळसर पिठासारखा. बारकी अळी आधी तो खाते, मग खोडात नाहीतर कणसाच्या देठात शिरते. एकदा आत शिरली की फवारणी व्यर्थ. म्हणून सिबाच्या लोकांनी प्रथिन हिरव्या भागात आणि परागात भरपूर तयार होईल अशी योजना केली, दाण्यात जवळपास नाही. कागदावर झकास! प्रत्यक्षात हंगामाच्या शेवटी झाड पिकायला लागलं की हिरव्या भागातलं प्रथिन घटायचं आणि दुसरी पिढी निसटायची. आणि परागात मुद्दाम भरलेल्या त्याच प्रथिनामुळे हा वाण मोनार्कला घातक ठरला. सबंध झाडात प्रथिन राहणारे बीटी११ आणि मॉन८१० आल्यावर त्याला कोणी विचारेना. पहिल्या बीटी मक्याची नोंदणी २००१ मध्ये संपली, तेव्हा त्याचा पेरा दोन टक्क्यांच्याही खाली होता. सिबा आणि सँडोझ या कंपन्या १९९६ मध्येच एकत्र होऊन नोव्हार्टिस बनल्या होत्या, आणि सँडोझकडून तिच्या नॉर्थरप किंग या बियाणे कंपनीचा बीटी११ आयताच घरात आला होता. मग १७६ साठी कोण भांडणार?

आता 'अळ्या सरावल्या' या मुद्द्याकडे. कोणत्या अळ्या? तुमच्या प्रतिक्रियेत हा प्रश्नच नाही, आणि माझं सगळं म्हणणं याच प्रश्नात आहे.

खोडकिड्याचं बघा. १९१७ च्या सुमारास बोस्टनजवळ सापडलेली ही कीड पुढे मकापट्टाभर पसरली. बहुतेक शेतकरी तिच्यासाठी फवारतही नसत, नुकसान पदरात घेत. १९९६ नंतर बीटीचा पेरा वाढत गेला आणि पतंगांची संख्या अख्ख्या टापूत कोसळली. २०१० साली 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात पाच राज्यांतला चौदा वर्षांचा हिशेब आहे: एकूण फायदा सुमारे ६.८ अब्ज डॉलर, आणि त्यातले ४.३ अब्ज बीटी न लावणाऱ्यांचे! बियाण्याचे जादा पैसे एकाने मोजायचे आणि शेजाऱ्याचं पीक फुकटात वाचायचं. कंपन्यांच्या जाहिरातीत हा आकडा ठळक का नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. खोडकिड्याची प्रतिकारक्षमता आढळली ती २०१८ मध्ये, कॅनडात नोव्हा स्कॉशियाला, क्राय१एफ या एका प्रथिनापुरती. बावीस वर्षांनी.

आता रूटवर्म. ही मुळं खाते, झाड आडवं पडतं. हिच्यासाठी क्राय३बीबी१ असलेला मका २००३ मध्ये आला आणि २००९ मध्ये आयोवातल्या शेतांतून गोळा केलेले किडे तो पचवताना सापडले. सहा वर्षं.

पीक तेच, जिवाणूही तोच. एवढा फरक का? मात्रेमुळे आणि शेजारी राखलेल्या नॉन-बीटी, म्हणजे साध्या मक्याच्या पट्ट्यामुळे. प्रथिनाची मात्रा इतकी हवी की प्रतिकाराचं एकच जनुक (आई-बापांपैकी एकाकडूनच आलेलं) असलेली अळी मेलीच पाहिजे. दोन्ही जनुकं असलेली एखादी लाखात वाचेल. तिला जोडीदार शेजारच्या साध्या मक्यातून आलेला मिळाला की पिल्लं एकेका जनुकाची निपजतात आणि बीटी खाऊन मरतात. खोडकिड्यासाठी मात्रा भरपूर होती आणि वीस टक्के साधा मका सक्तीचा होता. रूटवर्मसाठी मात्राच कमी, काही अळ्या नेहमीच वाचायच्या. म्हणून २००२ साली ईपीएच्याच वैज्ञानिक सल्लागार मंडळातल्या बहुसंख्य तज्ज्ञांनी पन्नास टक्के साधा मका ठेवावा असं सुचवलं. परवानगी मिळाली ती वीस टक्क्यांवर. अर्धं रान साधं ठेवायचं तर बियाणं कोण घेणार, हा त्यामागचा सरळ व्यवहार. त्यात ज्यांनी सोयाबीनची फेरपालट सोडून त्याच रानात वर्षानुवर्षं मक्यावर मका घेतला, तिथेच आधी फटका बसला. पुढे २००९ मध्ये दोन-दोन प्रथिनं एकत्र केलेल्या स्मार्टस्टॅक्स या मक्याच्या बियाण्याला मान्यता देताना ही अट वीसवरून पाच टक्क्यांवर आणली गेली. हे वाचून मी तेव्हाही चरफडलो होतो. त्या जोडीतलं एक प्रथिन क्राय३बीबी१च होतं.

तर फसलं काय? माझं उत्तर: अळी मारण्याची ताकद ही सामायिक विहिरीसारखी आहे, आणि विकणाऱ्याला ती उपसण्याचे पैसे मिळतात, राखण्याचे नाही. 'बीटी चांगलं की वाईट' हा वाद मला म्हणूनच कंटाळवाणा वाटतो.

तुमच्या कापसाबद्दल मी अधिकाराने बोलणार नाही, तो तुम्ही करता. पण एक गोष्ट पुढे ठेवतो. बीटी कापसाच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी यायची. ती किती जणांनी कडेने लावली आणि किती जणांनी बांधावर फेकली, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेतकऱ्यालाही दोष देववत नाही. पुडीतलं बियाणं धड उगवेल याची खात्री नसताना चार ओळी कोण वाया घालवणार? त्यात आपली लांबलेली फरदड (हंगाम संपल्यावरही उभा ठेवलेला कापूस), म्हणजे बोंडअळीला बारमाही पंगत. याच गुलाबी बोंडअळीचं अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं, आणि त्यात बीटी कापूस होताच, जोडीला नपुंसक पतंग सोडणं होतं आणि हंगाम संपल्यावर शेत साफ करणंही होतं.

तुम्ही शेवटी विचारलंत, उद्या आपल्याकडे बीटी मका आला तर मी बाजूने लिहिणार का. भारतात त्याच्या लागवडीला अजून मंजुरी नाही. आपली आजची मुख्य डोकेदुखी खोडकिडा नसून २०१८ मध्ये आलेली अमेरिकन लष्करी अळी आहे. तिच्यावर क्राय१एबी एकटं पुरत नाही, आणि क्राय१एफला ती पोर्तो रिकोमध्ये २००६ च्या सुमारासच सरावली. तेव्हा कोणी एका प्रथिनाचं जुनं बियाणं नव्या पाकिटात घालून आणलं, तर विरोधात लिहीन. दोन वेगळी, लष्करी अळीवर खरोखर चालणारी प्रथिनं असतील आणि साधं बियाणं पाकिटातच मिसळलेलं असेल, तर बाजूने.

तुमच्या गावात त्या १२० ग्रॅमच्या पुड्यांचं पुढे काय व्हायचं, ते जरूर लिहा. कोणी कधी तपासायला आलं होतं का, तेही.